इसार देण्यापूर्वी पूररेषा पाहा



आपल्यातील कित्येक घरांत आखातातली कमाई येते आणि ती जमिनीत जाते. म्हणून आज दोन रेषांविषयी बोलतो.

आपल्या चिपळुणात 26 जुलै 2005 रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले. 22 जुलै 2021 रोजी पुन्हा शिरले. दाभोळच्या खाडीला भरती असली की हे पाणी लवकर उतरतही नाही.

जलसंपदा खाते नदीकाठी दोन पूररेषा आखते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत, नदीच्या बाजूस, बांधकामाला मनाई. लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची. दोहोंच्या मधल्या पट्ट्यात परवानगी अटींवरच. ‘शंभर वर्षे’ ऐकून निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ, दर साली एक टक्का संभव. मुलांनो, 0.99 चा तिसावा घात काढून एकातून वजा करा. तीस वर्षांत निदान एकदा पाणी येण्याचा संभव 26 टक्के निघेल, म्हणजे चारांत एकाहून अधिक!

दलाल सातबारा दाखवतो, पूररेषा नाही. ती तुम्ही सर्व्हे नंबर घेऊन नगरपरिषदेत विचारा. ‘भराव घातलाय’ असे तो म्हणेल. पण भरावाने हटलेले पाणी शेजाऱ्याच्या घरात जाते. रेषेमुळे किंमत पडते म्हणून लोक नकाशावर रागावतात. ज्याची आयुष्याची पुंजी त्या प्लॉटमध्ये आहे, त्याचा राग मला समजतो. म्हणूनच इसाराआधी विचारा.

आणि मुलांनो, 2021 च्या पाण्याची खूण घराच्या भिंतीवर अजून असेल, तर रंग काढण्यापूर्वी टेपने मोजून वहीत लिहून ठेवा.