चाक गुणगुणूं लागतें तेव्हां

बैलगाडीचें चाक वंगणावांचून कोरडें पडलें, कीं तें साऱ्या वाटेला ऐकूं जाईल असें करकरतें. गाडीवानाला त्यासाठीं कान टवकारावे लागत नाहींत. तो आंसाला वंगण घालतो आणि गाडी पुन्हां मुकाट चालूं लागते. मोटारीच्या चाकाची तक्रार इतकी उघड नसते. तें प्रथम केवळ गुणगुणतें. ताशीं ४० किलोमीटरच्या आसपास एक बारीक ‘घूंऽऽ’ असा नाद सुरू होतो. वेग वाढला कीं तो चढतो, वेग उतरला कीं तो उतरतो आणि मोटार थांबली कीं नाहींसा होतो. घरांतील माणसें चार दिवस त्याची चर्चा करतात. पुढें त्याची संवय होते. ही संवयच धोक्याची.

समजा, पुण्यांतील एका कुटुंबांत आजोबांनीं घेतलेली मारुति ८०० अद्याप जपून ठेवलेली आहे. ही मोटार १९८३ सालीं रस्त्यावर आली आणि तिची निर्मिति २०१४ सालीं थांबली. म्हणजे अगदीं शेवटची मोटार धरली तरी तिनें दहाहून अधिक पावसाळे पाहिले आहेत. गणपतीसाठीं ताम्हिणी घाटानें कोंकणांत उतरण्याचा बेत ठरला आहे, आणि नेमकें त्याच आठवड्यांत मोटार गुणगुणूं लागते. शेजारी सांगतात, ‘टायर बदला.’ ओळखीचा मिस्त्री फोनवरून म्हणतो, ‘बेअरिंग गेलें असेल.’ आजोबा म्हणतात, ‘जुनी मोटार आहे, आवाज व्हावयाचाच.’ तिघांचेंही बोलणें खरें असूं शकेल. पण तिघांपैकीं एकानेंही चाकाला हात लावलेला नाहीं.

हा नाद उत्पन्न कसा होतो, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. चाक ज्यावर फिरतें त्या बेअरिंगांत एकांत एक अशीं दोन पोलादी कडीं असतात आणि त्यांच्यामध्यें ग्रीसमध्यें बुडालेल्या पोलादी गोळ्या किंवा रूळ असतात. बाहेरचें पाणी आंत शिरूं नये म्हणून तोंडाशीं रबरी सील असतें. सील झिजलें, कीं पावसाळ्यांतील पाणी आणि चिखल आंत जातो, ग्रीस नासतें, गंज चढतो आणि कड्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक खळगे पडतात. १२ इंची चाकाच्या लहान मोटारीच्या टायरचा परिघ सुमारें १६० सेंटिमीटर असतो. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जातांना असें चाक दर सेकंदास सुमारें १० फेरे घेतें आणि प्रत्येक फेऱ्यांत कित्येक गोळ्या त्या खळग्यावरून जातात. हे ठोके इतके झपाट्यानें पडतात, कीं कानाला ते सुटे ऐकूं येत नाहींत; त्यांचा एकच अखंड नाद होतो. वेगाबरोबर सूर चढतो तो यामुळेंच.

परंतु असाच नाद वेडावांकडा झिजलेला टायरही काढतो, आणि गिअरच्या पेटींतील झिजलेले दांतेही काढतात. शिवाय मोटारीचा पत्रा आवाज दूरवर नेतो. पुढच्या चाकाचा नाद मागच्या बाकाखालून येतो आहे असें वाटतें. म्हणून केवळ कानावर विसंबूं नये. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि नाद बदलतो कीं काय तें पाहावें. साऱ्या परीक्षेचें सार एवढेंच आहे.

पहिली परीक्षा इंजिनाची. सपाट, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर मोटार वेगांत असतांना गिअर न्यूट्रलमध्यें घ्यावा. इंजिन मंदावलें तरी गुणगुण तशीच राहिली, तर दोष इंजिनाचा नव्हे. चाकांबरोबर फिरणाऱ्या एखाद्या भागाचा आहे. हा प्रयोग घाटाच्या उतारावर कधींही करूं नये. ॲक्सिलरेटर दाबतांना एक सूर आणि सोडतांना दुसरा, असें होत असेल, तर डिफरन्शियलच्या दांत्यांचा संशय घ्यावा. अँबॅसडर किंवा पद्मिनी यांसारख्या, मागच्या चाकांना शक्ति देणाऱ्या मोटारींत हें यंत्र मागच्या आंसावर असतें. तेथून येणारा नाद मागच्या चाकांचाच वाटतो.

दुसरी परीक्षा टायरची. डांबरी रस्ता सोडून काँक्रीटच्या रस्त्यावर येतांच नादाची जात बदलली, तर टायरकडे बोट दाखवावें. बेअरिंगाला रस्ता कोणता याची फारशी पर्वा नसते. मोटार थांबवून टायरवरून तळहात आडवा फिरवावा, एकदां आंतून बाहेर आणि एकदां बाहेरून आंत. एका दिशेनें गुळगुळीत आणि उलट दिशेनें करवतीसारखें लागलें, तर टायर तिरपा झिजला आहे. मग पुढचीं चाकें मागें व मागचीं पुढें लावावींत. नादानेंही जागा बदलली, तर दोष टायरचा. नाद जागचा हलला नाहीं, तर टायर निर्दोष, आणि नव्या टायरांचा खर्च वांचला.

तिसरी परीक्षा वळणाची. मोटार उजवीकडे वळली कीं तिचा भार डाव्या चाकांवर पडतो. मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगानें आणि सावकाश वळण घेतांना उजवीकडे नाद वाढला व डावीकडे कमी झाला, तर डाव्या बाजूचा संशय घ्यावा. परंतु याला अपवाद असतात. म्हणून हा पुरावा समजूं नये, केवळ दिशा समजावी.

पुरावा मिळतो तो चाक उचलल्यावर. जमीन सपाट व टणक असावी, इतर चाकांना दगडांची अडण लावावी आणि मोटार केवळ जॅकवर न ठेवतां भक्कम घोडीवर टेकवावी. मग चाक वरून व खालून धरून हलवावें. तें खडखडलें, तर दुसऱ्या माणसानें ब्रेक दाबून धरावा. खडखड थांबली तर बेअरिंग सैल आहे. तरीही राहिली तर सांधा सैल आहे. ब्रेक सोडल्यावर एका हातानें चाक फिरवावें आणि दुसऱ्या हाताचीं बोटें फिरत्या भागापासून दूर, वरच्या स्प्रिंगवर हलकेच टेकवावींत. बेअरिंग बिघडलें असेल, तर जात्यांत खडा आल्यासारखी खरखर बोटांना कळते. मात्र खडखड आढळली नाहीं म्हणून बेअरिंग निर्दोष ठरत नाहीं. आरंभीं केवळ खरखरच असते.

दोष निश्चित झाल्यावर दुरुस्तीही नीट झाली पाहिजे. अनेक जुन्या मोटारींच्या पुढच्या चाकांत निमुळत्या रुळांचें बेअरिंग असतें. अमेरिकेंतील घोडागाड्यांचे कारखानदार हेन्री टिम्केन यांनीं त्याचें पेटंट १८९८ सालीं मिळविलें. तें साफ करतां येतें, त्यांत नवें ग्रीस भरतां येतें आणि नट फिरवून बेताचें घट्ट करतां येतें; फार घट्ट केलें तर जळतें, फार सैल ठेवलें तर डुलतें. मात्र खळगे पडले असतील, तर नट आवळून ते भरून येत नाहींत. बंदिस्त बेअरिंग तर बदलावेंच लागतें, आणि तें हातोड्यानें ठोकून बसवूं देऊं नये. ठोक्यानें गोळ्यांचे वण कड्यावर उमटतात आणि नवें बेअरिंगही थोड्याच दिवसांत गुणगुणूं लागतें.

दुर्लक्ष केलें तर काय होतें? खळगे वाढतात, बेअरिंग तापतें, चाक डुलूं लागतें. तें डुललें कीं ब्रेकचें पॅडलही नेहमींपेक्षां खोल जातें. शेवटीं चाक अडकूं शकतें किंवा निखळूं शकतें. गुणगुणीची खडखड झाली किंवा स्टिअरिंग थरथरूं लागलें, तर मोटार चालवीत न नेतां ओढून न्यावी.

पुण्याच्या त्या कुटुंबानें एवढें सारें केलें असें समजूं. चाकांची अदलाबदल करूनही नाद हलला नाहीं, उजव्या वळणावर तो वाढला आणि पुढच्या डाव्या चाकाच्या स्प्रिंगवर खरखर लागली. टायर वांचले, बेअरिंग बदललें, प्रस्थान मात्र एक दिवस लांबलें. गणपतीला एक दिवस उशीर झाला म्हणून आजोबा थोडे कुरकुरले. पण घाट उतरतांना मागच्या बाकावरून आजी हळूच कांहीं बोलल्या, आणि तें पुढें बसलेल्या आजोबांना पहिल्याच वेळीं नीट ऐकूं आलें.