पगाराचे तास आणि खासगी शब्द

नोकर आपल्या दिवसाचे ठरावीक तास मालकास देतो व त्याबद्दल पगार घेतो. त्या तासांत मालकाच्या यंत्रावरून त्यानें घरच्या माणसाशीं केलेलें बोलणेंहि मालकाचें होतें काय? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण त्याचा निकाल लागण्यास युरोपांत दहा वर्षें जावीं लागलीं.

रुमानियाच्या राजधानींत, बुखारेस्ट येथें, एका खासगी कंपनींत एक अभियंता २००४ सालापासून विक्रीचें काम पाहत असे. ग्राहकांच्या चौकशीस उत्तरें देतां यावींत म्हणून कंपनीच्या सांगण्यावरून त्यानें याहू मेसेंजर या संदेशसेवेंत खातें उघडलें होतें. कचेरीचीं साधनें खासगी कामास वापरूं नयेत, असा नियम होता. ५ ते १३ जुलै २००७ या काळांत कंपनीनें त्याच्या संदेशांवर नजर ठेवली व मग त्याला जाब विचारला. खातें केवळ कामासाठींच वापरलें, असें त्यानें लेखी कळविलें. तेव्हां त्याच्यापुढें पंचेचाळीस पानांची नक्कल ठेवण्यांत आली. भाऊ आणि वाग्दत्त वधू यांच्याशीं झालेलें बोलणें तींत शब्दशः उतरलेलें होतें. त्यांतील कांहीं मजकूर अगदीं नाजूक होता. १ ऑगस्ट रोजीं त्याची नोकरी गेली.

कंपनीची बाजू लंगडी होती असें नाहीं. यंत्र तिचें, वेळ तिचा, नियम ठाऊक असलेला आणि नोकराचें उत्तर खोटें. रुमानियाच्या न्यायालयांनीं हें ग्राह्य धरलें. स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या पीठानेंहि १२ जानेवारी २०१६ रोजीं सहा विरुद्ध एक मतांनीं अभियंत्याची तक्रार अमान्य केली. परंतु ५ सप्टेंबर २०१७ रोजीं त्याच न्यायालयाच्या सतरा न्यायाधीशांच्या महापीठानें हा कौल अकरा विरुद्ध सहा मतांनीं फिरविला. नोकराचें खासगी जीवन व पत्रव्यवहार यांचें पुरेसें रक्षण रुमानियाच्या न्यायालयांनीं केलें नाहीं, असें त्यानें ठरविलें.

या निकालाचें मर्म एका भेदांत आहे. अमुक गोष्ट करूं नका, असें बजावणें निराळें. तुमचें अक्षर न् अक्षर वाचलें जाईल, असें आधीं सांगणें निराळें. पहिल्या सूचनेंत दुसरी आपोआप येत नाहीं. म्हणून न्यायालयानें कांहीं कसोट्या घालून दिल्या. नजर ठेवण्यापूर्वीं नोकरास स्पष्ट सूचना होती काय? नजर किती काळ व किती खोलवर होती? तिला सबळ कारण होतें काय? मजकूर न वाचतां काम भागलें नसतें काय? मालकाच्या हुकुमानें कामाच्या जागीं माणसाचें खासगी जीवन शून्यावर आणतां येत नाहीं, असें न्यायालयाचें म्हणणें. देखरेखीस मात्र त्यानें बंदी केली नाहीं. अभियंत्यासहि मानसिक त्रासाची भरपाई मिळाली नाहीं. खर्चापोटीं १,३६५ युरो तेवढे मिळाले.

या निकालाच्या बारा दिवस आधीं, २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें एकमतानें सांगितलें. पण मूलभूत हक्काची ढाल प्रामुख्यानें सरकारपुढें धरतां येते. खासगी मालकापुढें ती तितकी कामास येत नाहीं. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या कायद्यानेंहि नोकरीच्या कारणासाठीं व मालकाचें नुकसान टाळण्यासाठीं नोकराची माहिती वेगळ्या संमतीवांचून वापरण्याची मुभा ठेवली आहे.

२०२० सालच्या टाळेबंदीनंतर तर कचेरीचें यंत्र कित्येक घरांत जेवणाच्या मेजावर येऊन बसलें. त्यावरून मुलाच्या शाळेस पत्र जातें, आजारी आईची विचारपूसहि होते. अशा वेळीं नोकरानें कचेरीचा नियम लेखी मागून घ्यावा आणि घरचें बोलणें स्वतःच्या साधनावर करावें, हें शहाणपणाचें. मालकानेंहि पाहण्यापूर्वीं सांगावें, आणि यंत्र किती वेळ वापरलें एवढ्यावरून काम भागत असेल तर काय लिहिलें तें वाचूं नये. पगारानें काम विकत घेतां येतें. त्या कामाच्या आड लिहिलेलें भावाचें पत्र त्या सौद्यांत येत नाहीं.