गिल्बर्ट हिल : अंधेरीच्या गल्लीतला सहा कोटी वर्षांचा कातळ

आज आपण फिरायला जाणार आहोत, पण लांब नाही. ना लोणावळा, ना रायगड. अंधेरी वेस्ट. स्टेशनपासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं, आणि ट्रॅफिकने मनावर घेतलं तर अर्धा तास. रिक्षावाल्याला 'गिल्बर्ट हिल' सांगा किंवा 'गावदेवी डोंगरी' सांगा, दोन्ही कळतं. तिथे वस्तीच्या मधोमध, घरांच्या पत्र्यांवर आणि टाक्यांवर मान उंच करून, सुमारे 200 फूट उंचीचा काळा कातळ सरळ उभा आहे. सरळ म्हणजे अगदी सरळ. उतार नाही, झाडी नाही, कुणी सुरीने कापून ठेवल्यासारखी भिंत.

अंधेरीत राहणाऱ्या कितीतरी जणांनी ही टेकडी रोज बघितलेली असते आणि तिथे कधीच गेलेले नसतात. तुम्ही त्यातले असाल, तर हा भाग तुमच्यासाठी.

आधी ती भिंत नीट बघूया. जवळून पाहिलं की कळतं, हा एक अखंड दगड नाही. उभ्या खांबांची मोळी आहे. उसाची मोळी बांधून उभी केली तर कशी दिसेल, तशी. शेजारी शेजारी चिकटून उभे असलेले खांब, वरपासून खालपर्यंत. भूगर्भशास्त्रात याला स्तंभाकार बेसाल्ट म्हणतात. हे खांब कुणी कोरलेले नाहीत. अंधेरी पूर्वेला महाकालीची लेणी आहेत, बोरिवलीला कान्हेरी आहे, तिथले खांब माणसाने छिन्नीने काढले. इथले खांब लाव्हा थंड होताना आपोआप तयार झाले.

ते कसं? उन्हाळ्यात तळं आटलं की तळाचा गाळ सुकतो आणि त्याला भेगा पडतात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. गाळ सुकताना आक्रसतो, पण खालच्या थराला चिकटलेला असल्यामुळे त्याला सरकता येत नाही. मग तो फाटतो. लाव्हाचंही तसंच. जाड थर साचला, हळूहळू थंड व्हायला लागला, थंड होताना आक्रसला आणि तडकला. तीन भेगा एका बिंदूत एकमेकींपासून सारख्या अंतरावर, म्हणजे 120 अंशांवर भेटल्या, तर कमीत कमी भेगांमध्ये सगळा ताण मोकळा होतो. अशा भेगांचं जाळं झालं की मधे षटकोन तयार होतात. मधमाशीच्या पोळ्यासारखे. निसर्गात ते इतके नीटनेटके नसतात, पाच बाजूंचे, सात बाजूंचेही खांब सापडतात. पण सहाकडे कल असतो.

गाळाच्या भेगा वीतभर खोल जाऊन थांबतात. लाव्हाच्या थांबत नाहीत. थंडी जसजशी आत शिरते, तसतशी भेगही आत सरकते. म्हणून षटकोनाचा खांब होतो. आणि भेगा नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात जातात. खांब उभे आहेत, याचा अर्थ हा थर वरून आणि खालून थंड होत गेला. म्हणजे बघा, नुसत्या खांबांच्या दिशेवरून एवढं कळतं.

आता वय. इथे जरा थांबूया, कारण इंटरनेटवर, रीलवर, बातम्यांत एकच आकडा फिरतोय : 6 कोटी 60 लाख वर्षं. त्याच्यापुढे हमखास एक वाक्य असतं, 'डायनासोरच्या काळातला दगड'. ऐकायला भारी वाटतं. हा आकडा आला कुठून, तेही समजण्यासारखं आहे. महाराष्ट्राचा बहुतेक सगळा खडक दख्खनच्या ज्वालामुखीतून आला. सह्याद्री त्याचाच, अजिंठा-वेरूळ त्यातच कोरलेलं. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. या उद्रेकांचा मुख्य काळ साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, आणि डायनासोर संपले तेही तेव्हाच. मग गिल्बर्ट हिललाही तोच आकडा चिकटला.

पण या दगडाचं वय प्रत्यक्ष मोजलं गेलंय. हेतू शेठ, कांचन पांडे आणि रजनीश भुतानी या शास्त्रज्ञांनी 2001 साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं. आलं किती? 6 कोटी 5 लाख वर्षं, बारा लाख वर्षं इकडे किंवा तिकडे. म्हणजे शेवटचा डायनासोर मेल्यावर सुमारे पन्नास लाख वर्षांनी हा लाव्हा थंड झाला.

मोजतात कसं, हेही दोन मिनिटांत सांगते, कारण मला स्वतःला ते फार आवडतं. दगडात पोटॅशियम असतं. त्यातला अगदी थोडा भाग किरणोत्सर्गी असतो, आणि त्यातल्या काही अणूंचं हळूहळू आरगॉन वायूत रूपांतर होतं. वेग ठरलेला आहे : 125 कोटी वर्षांत त्या किरणोत्सर्गी पोटॅशियमचा निम्मा भाग सरतो. लाव्हा पातळ असतो तोवर वायू निसटून जातो. दगड घट्ट झाला की तो आतच अडकतो. म्हणजे दगड गोठला त्या क्षणी घड्याळ शून्यावर आलं आणि तिथून चालू झालं. आज आत किती आरगॉन साठलाय ते मोजा, वय मिळतं.

मग तुम्ही म्हणाल, पन्नास लाख वर्षांनी असा काय फरक पडतो? मुंबईच्या बाबतीत खूप पडतो. कारण त्यातून कळतं की मुंबईची गोष्ट घाटाच्या गोष्टीपेक्षा वेगळी आहे. पुढच्या वेळी पुण्याला जाताना खंडाळ्याच्या घाटात खिडकीबाहेर बघा. डोंगरात लाव्हाचे थर आडवे, एकावर एक चपात्या रचल्यासारखे दिसतात. मुंबईत तेच थर पश्चिमेला, समुद्राकडे कललेले आहेत. हा वाक पनवेलच्या आसपास सुरू होतो. त्याच काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून सेशेल्स बेटांचा तुकडा तुटून दूर जात होता. जमीन ताणली जात होती, वाकत होती, आणि या भागात उशिरापर्यंत ज्वालामुखी चालू होते. मनोरीचा आणि साकीनाक्याचा फिकट रंगाचा ट्रॅकाइट खडकही याच उशिराच्या काळातला निघाला, साधारण सहा कोटी वर्षांचा. साकीनाक्याच्या सिग्नलला अडकलात की हे आठवा, तेवढाच वेळ बरा जाईल.

दोन उद्रेकांच्या मधे इथे शांतताही असायची. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमधे जुन्या पाणथळ जागेचा गाळ सापडला, आणि त्यात छोट्या बेडकांचे जीवाश्म. 1847 मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. 'डायनासोर' हा शब्द तयार करणारे तेच हे ओवेन. म्हणजे डायनासोर हवाच असेल, तर मुंबईशी नातं असं जोडता येतं, बेडकामार्गे!

आता मुद्द्याचं बोलते. गिल्बर्ट हिल असा सुटा, उभ्या कड्याचा का दिसतो? आपण समजतो, निसर्गानेच तसा घडवला. खांब निसर्गाचे, हे खरं. पण आज दिसणारा आकार मोठ्या प्रमाणात खदानीचा आहे. ही एका लांब डोंगररांगेची उरलेली कड आहे. आजूबाजूचा दगड फोडून नेला, जोगेश्वरीच्या बाजूला असेच उभे खांब होते तेही गेले, आणि मधला तुकडा राहिला. त्या दगडातून घरं झाली, रस्ते झाले, रुळांखालची खडी झाली. शहराला दगड लागतो, तो जवळ होता, घेतला. त्यात खलनायक शोधण्यात अर्थ नाही. मात्र काय गेलं, याची नोंद तरी आपल्या डोक्यात असावी.

असाच दुसरा किस्सा कांदिवलीचा. 1920 च्या दशकात बॅकबेच्या भरावासाठी कांदिवलीला मोठी खदान चालायची. म्हणजे दक्षिण मुंबईत समुद्र हटवायला उपनगरातला डोंगर गेला. आणि याच कांदिवलीत के. आर. यू. टॉड नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याला अश्मयुगीन माणसांची दगडी हत्यारं सापडली. त्यावरचा त्यांचा लेख 1939 साली प्रसिद्ध झाला. नंतर 1950 मध्ये मुंबई परिसरातल्या सूक्ष्मास्त्रांवर, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या बारीक दगडी पात्यांवर त्यांनी आणखी एक लेख लिहिला. सात बेटं, पोर्तुगीज, इंग्रज यांच्या कितीतरी आधी इथे माणसं दगड तासत बसली होती. आज कांदिवलीत ती जागा बघायला जायचं म्हटलं तर बघण्यासारखं काही उरलेलं नाही. वर इमारती आहेत. गिल्बर्ट हिल अजून बघता येतो, म्हणून मी आज एवढी मागे लागलेय.

तो वाचला कसा? 2007 मध्ये महापालिकेने त्याला ग्रेड दोनचा वारसा दर्जा दिला, आणि आसपासच्या खोदकामाला अटकाव झाला. पण त्याच्याही आधीपासून एक गोष्ट वर होती : देऊळ. माथ्यावर गावदेवी आणि दुर्गामातेचं मंदिर आहे, छोटीशी बाग आहे, कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत. माझा आपला अंदाज असा की देवराईतलं झाड जसं देवाच्या धाकाने टिकतं, तसा हा कातळ गावदेवीच्या भरवशावर टिकला. पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही. पण ज्या डोंगरावर आईला नारळ वाढवतात, तिथे सुरुंग लावायला हात जरा कचरतोच.

जगात अशा जागांचं काय करतात, तेही बघूया. अमेरिकेत वायोमिंगमध्ये डेव्हिल्स टॉवर आहे, असेच उभे खांब, उंची 264 मीटर. 1906 मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं, त्या देशातलं पहिलं. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर जायंट्स कॉजवे आहे, जवळजवळ चाळीस हजार खांब, वयाने आपल्या गिल्बर्ट हिलच्याच आसपास. 1986 पासून तो जागतिक वारसा आहे. आणि कोकणात बघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यावरची कातळशिल्पं वर्षानुवर्षं पायाखाली होती, गुरं चारणाऱ्यांना माहीत होती. स्थानिक लोकांनी ती शोधली, मोजली, नोंदवली, आणि 2022 मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सुरुवात कुणी केली? सुट्टीच्या दिवशी सडे तुडवणाऱ्या माणसांनी.

गिल्बर्ट हिलची अडचण वेगळी आहे. तो मोकळ्या सड्यावर नाही, माणसांच्या वस्तीत आहे. पायथ्याला घरं आहेत, त्यांच्यामागे उंच टॉवर आहेत. दर्जा दगडाला मिळाला, पण दगडाभोवतीची मोकळी जागा हळूहळू भरत गेली. खालच्या लोकांना त्रास देऊन दगड वाचवायचा, हा काही मार्ग नाही. वरून दगड सुटला तर धोका आधी त्यांनाच. त्यामुळे कातळाची पाहणी आणि लोकांची सोय या दोन्ही गोष्टी एकत्रच मागाव्या लागतील.

तर जाणार असाल तर चार सूचना. सकाळी लवकर जा, काळा कातळ दुपारी तव्यासारखा तापतो. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, चांगले बूट घाला, देवळात अर्थातच काढा. वरून अंधेरीचा नजारा छान दिसतो, पण खांब वरून दिसत नाहीत, तुम्ही त्यांच्या डोक्यावर उभे असता. ते बघायला खाली गल्लीत उतरा आणि मान वर करा. आणि फोटो काढताना लोकांच्या दारात, खिडकीत कॅमेरा घुसवू नका. विचारा. बऱ्याचदा विचारल्यावर काका-मावशी स्वतःच सांगतात, "इकडून ये, इकडून चांगलं दिसतं."

आणि रील टाकलीत, तर एक विनंती. 'डायनासोरच्या काळातला' असं लिहू नका. 'डायनासोर गेल्यावर पन्नास लाख वर्षांनी आलेला' असं लिहा. लोक कमेंटमध्ये भांडायला येतील, येऊ देत. त्या निमित्ताने दगडाबद्दल बोलतील.

तुमच्या भागात असा एखादा कातळ, टेकडी, जुनी खदान असेल तर मला नक्की कळवा. मुलुंडकर, घाटकोपरकर, तुम्ही तर डोंगराच्या कुशीतच राहता, तुमच्याकडून जास्त अपेक्षा आहे. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत फिरत राहा, ऐकत राहा!