गोदाम भरलेलं होतं, तरी गिरणी बंद पडली

(गोंदिया येथे तरुण व्यावसायिकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिलाय, ‘अडचणीतला धंदा आणि व्यवस्थापन’. मी मॅनेजमेंट शिकलेलो नाही. शाळेचे गणवेश आणि दप्तरं विकतो. पण एक धंदा घरात बुडताना पाहिलाय आणि दुसरा बुडता बुडता वाचवलाय. तेवढ्या जोरावर बोलतो. आकडे काढायचे असतील म्हणून कागद आणलाय, भाषण लिहून आणलेलं नाही.

आपला गोंदिया म्हणजे धान आणि बीडी. बाहेरचे लोक याला राईस सिटी म्हणतात. आमगाव, गोरेगाव, तिरोडा, कुठल्याही रस्त्याने जा, गिरणीचं धुराडं दिसतं. आमच्या अब्बांची अशीच एक लहान गिरणी होती, हलरवाली. ते आणि त्यांचे एक दोस्त, दोघांची भागीदारी. भागीदारीचा कागद नव्हता, जबान होती. सहा हमाल, एक मुकादम, एक मुनीम.

2000 नंतर गावात सॉर्टेक्सवाल्या गिरण्या वाढल्या. त्यांचा तांदूळ एकसारखा, स्वच्छ, काळा दाणा नाही. आमच्या हलरमधून कनकी जास्त निघायची. व्यापारी हळूहळू तिकडे वळले. इथे अब्बांसमोर दोन रस्ते होते. एक, नवीन मशीन घ्यायचं किंवा दुसऱ्याच्या गिरणीशी भरडाईचा करार करायचा. दोन, जुन्याच मशीनवर जास्त माल चालवायचा. त्यांनी दुसरा निवडला. उधारीवर आणि बँकेच्या पैशावर धान भरून ठेवलं, भाव चढतील म्हणून. भाव उतरले.

हा निर्णय चुकला. पण माझं आजचं म्हणणं वेगळं आहे. गिरणी या निर्णयाने बंद पडली नाही. ती त्यानंतरच्या चार महिन्यांच्या गप्प बसण्याने बंद पडली.

हिशेब सांगतो. अकरा शेतकऱ्यांचे मिळून साधारण नऊ लाख द्यायचे होते. उतरलेल्या भावानेही गोदामातलं धान बारा लाखांचं होतं. बँकेचे तीन हप्ते थकले होते. म्हणजे माणूस अडचणीत होता, बुडालेला नव्हता. थोडं थोडं धान विकत गेलो असतो तर सगळ्यांचे पैसे फिटले असते.

पण अब्बा कुणाशीच बोलले नाहीत. बँकेतून फोन आला की ‘साहब बाहर गए हैं’ म्हणायला मला शिकवलं होतं. शेतकरी आला की चहा पाजायचा आणि पुढच्या सोमवारचा वायदा द्यायचा. हमालांना एकच उत्तर, ‘सब ठीक है, काम करते रहो.’ भागीदार चाचांनासुद्धा थकलेल्या हप्त्यांचं सांगितलं नव्हतं.

एके सकाळी वीज मंडळाचा लाईनमन आला आणि बिल थकलं म्हणून कनेक्शन कापून गेला. बिल काही फार मोठं नव्हतं. पण हमालांनी ते पाहिलं. दुपारपर्यंत गोरेलाल चौकातल्या चहाच्या टपरीवर बातमी होती, ‘गिरणी बुडाली.’ दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा शेतकरी दारात. आठ दिवसांत सगळं धान एकाच व्यापाऱ्याला विकावं लागलं. आपण घाईत आहोत हे त्याला माहीत होतं. बारा लाखांच्या मालाचे आठ आले. उरलेल्या एका लाखासाठी अम्मीचे दागिने गेले. पुढच्या हंगामाला भांडवल नाही, बँक उभी करत नाही. गिरणी संपली.

शेवटच्या दिवशी हमालांचा हिशेब करायला अब्बांनी मला पाठवलं. मी एकोणीस वर्षांचा. ते स्वतः घरातून बाहेर आले नाहीत. मुकादमाने पैसे मोजून घेतले आणि म्हणाला, “बाबू, सेठनं दोन महिन्यांआधी सांगितलं असतं, तर आम्ही अर्ध्या मजुरीवर थांबलो असतो. आमच्याच गावचे शेतकरी आहेत, त्यांना आम्हीच समजावलं असतं.”

मी आजपर्यंत ते विसरलो नाही. ज्या लोकांपासून आम्ही लपवत होतो, तेच आम्हाला वाचवू शकले असते.

आता तुम्ही म्हणाल, ही लहान माणसाची गोष्ट झाली. मोठ्यांचंही असंच असतं. तीन उदाहरणं देतो.

पहिलं, पीएमसी बँक. मुख्यालय मुंबईत भांडुपला. 23 सप्टेंबर 2019 रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त 1000 रुपये काढता येणार होते. कारण काय निघालं? बँकेने दिलेल्या एकूण कर्जापैकी सुमारे 73 टक्के एकाच एचडीआयएल समूहाला दिलं होतं, आणि ते झाकायला सुमारे 21 हजार खोटी खाती दाखवली होती. निर्बंध आल्यावर बँकेच्या प्रमुखांनी खातेदारांची माफी मागितली, जबाबदारी घेतली. पण तोवर उशीर झाला होता. म्हातारी माणसं शाखेबाहेर रडत उभी होती. शेवटी जानेवारी 2022 मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांना पैशांसाठी कित्येक वर्षांची मुदत मिळाली. यातून एवढंच घ्या, लपवून ठेवलेल्या गोष्टीवर नंतरची माफी चालत नाही.

दुसरं उदाहरण आपल्याला जास्त लागेल असं आहे. बेंगळुरूची आयएमए कंपनी. ‘हलाल’ गुंतवणूक म्हणून लोकांनी पैसे दिले. देणारे बहुतेक आपलेच, साधी मुस्लिम कुटुंबं. कुणी मुलीच्या लग्नाचे, कुणी निवृत्तीचे. जून 2019 मध्ये संस्थापकाची एक ऑडिओ क्लिप मोबाईलवर फिरली आणि लोकांना कळलं की माणूस देश सोडून गेलाय. जुलैमध्ये परत आल्यावर त्याला दिल्लीत अटक झाली. हजारो लोकांच्या आयुष्याची कमाई, आणि त्यांना मिळालेला निरोप म्हणजे एक ऑडिओ क्लिप. दोस्तांनो, ‘हलाल’ हा शब्द पाटीवर असला म्हणजे हिशेब मागायचा नाही असं कुठे लिहिलंय? सूरह बकरामध्ये तर उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असा हुकूम आहे. अब्बांच्या भागीदारीचा कागद असता, तर चाचांशी आमचे संबंध आज शाबूत असते.

तिसरं उदाहरण चांगलं आहे. 2003 चा ऑक्टोबर, दिवाळीच्या तोंडावर मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. कंपनी आधी म्हणाली, दुकानदारांनी माल नीट ठेवला नाही. लोक आणखी चिडले. सणात विक्री जोरात घसरली. मग कंपनीने सूर बदलला. ‘विश्वास’ नावाची मोहीम काढली, दुकानदारांना माल कसा ठेवायचा ते शिकवलं, आणि 2004 च्या सुरुवातीला नवीन, जास्त घट्ट वेष्टन आणलं. त्याच सुमारास अमिताभ बच्चन जाहिरातीत आले. हे लक्षात घ्या. वेष्टनही बदललं आणि अमिताभही आले. नुसते अमिताभ आणले असते तर काही झालं नसतं.

आता माझ्याकडे येतो. मार्च 2020. शाळा जूनमध्ये उघडणार म्हणून मी सोलापूरच्या तीन कारखानदारांकडून गणवेशाचा माल उधारीवर भरून ठेवला होता. लॉकडाऊन लागलं. शाळा उघडल्या नाहीत. दुकान बंद, माल भरलेला, चार शिंपी माझ्यावर अवलंबून. मला गोदामातलं ते धानच दिसायला लागलं.

पहिले तीन दिवस मीही फोन उचलला नाही. खरं सांगतो. रक्तातच होतं. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, “तुम्ही अब्बांसारखं करताय.” त्या रात्री एका कागदावर लिहिलं. कुणाचे किती द्यायचे, माझ्याकडे काय आहे, दर महिन्याला कमीत कमी किती देऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी तिन्ही कारखानदारांना मीच फोन लावले. सांगितलं, भाऊ, माल माझ्याकडे सुरक्षित आहे, पैसे आत्ता नाहीत, दर महिन्याच्या 10 तारखेला एवढे देईन. दोघांनी मानलं. तिसऱ्याने पुढची उधारी बंद केली, ती आजही बंद आहे. म्हणजे खरं बोलल्याची किंमत मोजावी लागत नाही असं समजू नका. लागते. पण गप्प बसल्याची त्याहून मोठी असते.

शिंप्यांना घरी बोलावलं. अर्धा पगार देऊ शकतो आणि तोही जूनपर्यंत, जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा बसू, असं सांगितलं. एक गावी गेला. तिघे थांबले, मास्क शिवले. जूनमध्ये मी एक चूक केली. ‘ऑगस्टपासून पूर्ण पगार’ असं बोलून गेलो. तो पाळता आला नाही. तेव्हा तिघांच्या तोंडावर जे दिसलं, ते मार्चमध्येही दिसलं नव्हतं. वाईट बातमी माणूस सोसतो. मोडलेली तारीख सोसत नाही.

बँकेचंही ऐका. रिझर्व्ह बँकेने 27 मार्च 2020 ला हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत जाहीर केली, मग ती ऑगस्टपर्यंत वाढवली. आपल्या पुष्कळ पोरांना वाटलं, हप्ते माफ झाले. माफ नव्हते, पुढे ढकलले होते आणि व्याज चालूच होतं. मी बँकेत जाऊन विचारलं म्हणून मला कळलं.

आजही लागू असलेला एक नियम सांगतो, तो लिहून घ्या. हप्ता थकला की पहिले 30 दिवस खातं एका यादीत असतं, 31 ते 60 दुसऱ्या, 61 ते 90 तिसऱ्या. बँकेच्या भाषेत एसएमए शून्य, एक, दोन. 90 दिवस ओलांडले की एनपीए, आणि मग कुणीही कर्जासाठी उभं करत नाही. पण लहान उद्योगांसाठी 2015 मध्ये केंद्र सरकारने आणि 2016 मध्ये रिझर्व्ह बँकेने एक चौकट आखून दिली. 25 कोटींपर्यंतचं कर्ज असेल, तर धंदा अडचणीत येतोय असं दिसताच उद्योजक स्वतः बँकेकडे अर्ज करू शकतो. बँकेची समिती ते खातं दुरुस्त करता येईल का, हे पाहते. अर्ज मान्य होईलच असं नाही. पण तो 90 दिवसांच्या आत करायचा असतो. आपण नेमके तेच 90 दिवस फोन न उचलण्यात घालवतो.

आणखी एक गोष्ट, ती इथे बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याच एप्रिल 2020 मध्ये तबलीगच्या बातम्यांनंतर मोबाईलवर मेसेज फिरले, मुसलमान भाजीवाल्याकडून घेऊ नका. पुढे 21 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं म्हटलं. पण भाजीवाल्याचे गेलेले दिवस परत आले नाहीत. माझ्या ओळखीचा एक फळवाला घरात बसून राहिला. दुसरा मास्क घालून, हात धुवायचं पाणी गाडीवर ठेवून, त्याच गल्ल्यांत, त्याच वेळेला गेला. दहा वर्षांच्या गिऱ्हाईक असलेल्या एका काकूंनी खिडकीतून हाक मारली, “अरे, चार दिवस कुठे होतास?” मग शेजारच्याही खाली उतरल्या. प्रत्येक गल्लीत असं झालं नाही, हेही तो सांगतो. अफवेविरुद्ध तक्रार करा, ती केलीच पाहिजे. पण तुमच्या बाजूने खिडकी उघडणारी माणसं संकटाच्या दिवशी तयार होत नाहीत. ती दहा वर्षांच्या वजनकाट्यातून तयार होतात.

तर चार गोष्टी. देण्या-घेण्याचा कागद महिन्यातून एकदा लिहा, धंदा चांगला चालू असतानाही. वाईट बातमी आधी कामगाराला सांगा, त्याला ती टपरीवर कळू देऊ नका. बँकेत बोलावण्याआधी जा. आणि जी तारीख पाळता येणार नाही, ती तोंडातून काढू नका.

अब्बा आता नाहीत. शेवटच्या वर्षांत ते माझ्या गल्ल्यावर येऊन बसायचे. 2021 मध्ये सोलापूरवाल्यांचा शेवटचा हप्ता गेला, त्या दिवशी मी त्यांना वही दाखवली. त्यांनी सगळी पानं उलटून पाहिली. मग विचारलं, “फोन तूने खुद किया था?” मी हो म्हणालो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मुझे शर्म आती थी.”

तुमच्यापैकी ज्याच्या दुकानाचा हप्ता या महिन्यात थकलाय, त्याला मला एवढंच सांगायचंय. शरम वाटणारच. ती घेऊनच उद्या सकाळी बँकेत जा.