घर दुरुस्त करावे की गाव सोडावे?
किल्लारी भूकंपानंतरचा अनुभव आणि त्यातून मिळणारा बोध

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विकास कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घर हा ग्रामीण कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा खर्च आणि सर्वांत मोठा आधार असतो. ते जुने झाले, भिंतीला तडा गेला, माळवद गळू लागले की कुटुंबापुढे एकच प्रश्न उभा राहतो : आहे तेच घर दुरुस्त करावे की दुसरीकडे नवे बांधावे? हा निर्णय बहुधा घाईने, शेजाऱ्याचे पाहून किंवा भीतीपोटी घेतला जातो. महाराष्ट्रात एकदा हा प्रश्न एका घरापुढे नव्हे, तर हजारो गावांपुढे एकाच वेळी उभा राहिला. त्या अनुभवाकडे पुन्हा पाहणे आजही उपयोगाचे आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याला भूकंपाचा धक्का बसला. आदल्याच दिवशी गणेश विसर्जन झाले होते आणि गावे गाढ झोपेत होती. भूकंपाची तीव्रता ६.२ इतकी, म्हणजे मध्यम स्वरूपाची होती. तरीही सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. किल्लारी, सास्तूर यांसारखी नांदती गावे काही क्षणांत दगडमातीचे ढिगारे झाली.

दोष कोठे होता?

मध्यम तीव्रतेच्या धक्क्याने एवढा संहार का व्हावा, याचे उत्तर घराच्या रचनेत सापडते. मराठवाड्यातील जुने घर म्हणजे मातीत रचलेल्या दगडांची जाड भिंत आणि वर मातीचे माळवद. बाहेरून ही भिंत किल्ल्यासारखी भक्कम दिसते. प्रत्यक्षात तिची आतली व बाहेरची अशी दोन स्वतंत्र तोंडे असतात आणि मधली पोकळी लहान दगड व माती यांनी भरलेली असते. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसले, तर धक्क्यासरशी भिंत फुगते आणि उभी चिरफाळते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकण्याच्या रिवाजामुळे छताचे वजनही पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेले असते.

मात्र याच ढिगाऱ्यांत आणखी एक गोष्ट दिसून आली. अनेक ठिकाणी भिंती कोसळल्या, पण लाकडी खांब व तुळयांचा सांगाडा उभा राहिला. म्हणजे जुन्या घरातील सर्वच काही टाकाऊ नव्हते. दगड वाईट नव्हता. तो रचण्याची पद्धत सदोष होती. परंतु ज्यांनी आपली माणसे दगडाखाली गमावली, त्यांच्या मनात दगडाविषयीच धास्ती बसली. जुनी जागा नको आणि दगडाचे घरही नको, अशी भावना त्या दिवसांत प्रबळ होती. ती स्वाभाविक होती. परंतु भीती हा निर्णयाचा आरंभ असू शकतो, आधार असू शकत नाही.

दोन मार्ग, दोन अनुभव

जागतिक बँकेच्या साह्याने हाती घेतलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथील घरांचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फूट असे ठरविण्यात आले. कमी हानी झालेल्या गावांत मात्र लोकांना आहे त्याच जागी घराची दुरुस्ती व मजबुतीकरण करण्यासाठी अर्थसाह्य देण्यात आले. अशा घरांची संख्या सुमारे दोन लाख होती.

नव्या गावांमुळे कुटुंबांना सुरक्षित छत मिळाले, रुंद रस्ते मिळाले. पण गाव म्हणजे केवळ घरांच्या रांगा नव्हेत, हेही लवकरच ध्यानात आले. जुन्या गावात घरे एकमेकांना लागून होती. ओटा, अंगण, बोळ, पार यांतून रोजचा व्यवहार चाले. नव्या आखणीत गाव दूरवर पसरले. गुरांचा गोठा, कडबा, धान्य, शेतीची अवजारे यांना जागा पुरेना. तेव्हा लोकांनी आपल्या ऐपतीप्रमाणे पत्र्याची किंवा दगडाची वाढीव बांधकामे केली. ती कशी बांधली गेली, याकडे कोणाचे लक्ष असो वा नसो, भूकंपाच्या वेळी धोका त्यांनाही तितकाच असतो.

दुरुस्तीच्या मार्गाचा अनुभवही बोलका आहे. जुन्या भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे दुवे बसविणे, कोपरे जाळी व सिमेंटने बांधून घेणे, भिंतीभोवती सलग पट्टा देणे, खांब व तुळई यांच्या सांध्याला तिरकस आधार देणे आणि माळवदावरील जादा माती उतरविणे, हे उपाय गवंडी व सुतार यांच्या आवाक्यातील होते. तरीही अनेक कुटुंबांनी मिळालेल्या साह्यातून जुने घर मजबूत करण्याऐवजी शेजारी विटांची एक नवी खोली बांधणे पसंत केले. नवी खोली सुरक्षित झाली; पण वृद्ध माणसे व मुले जुन्याच भिंतीआड झोपत असतील, तर धोका कायम राहतो. त्या वेळी महिला मंडळांतील स्त्रियांनी संवाद सहायक म्हणून घरोघर जाऊन माहिती पोचविण्याचे काम केले. घर कोण वापरते, रात्री कोण कोठे झोपते, कोणती भिंत पावसाळ्यात ओल धरते, हे सर्वांत आधी गृहिणीला ठाऊक असते. म्हणून घराचा निर्णय तिला वगळून होऊ नये.

जमीनच साथ देत नसेल तर

दुरुस्तीला मर्यादा आहेत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगरकडा कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर तोच प्रसंग ओढवला. अशा ठिकाणी भिंत कितीही मजबूत केली तरी उपयोग नाही, कारण दोष घरात नसून घराखालच्या व घरामागच्या भूमीत आहे. उतारावर नव्या भेगा दिसणे, झाडे वा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा नव्या ठिकाणी फुटणे, ही चिन्हे दिसताच गाव रिकामे करून तहसील कार्यालयास कळविणे हाच मार्ग होय.

यावरून पहिला प्रश्न निश्चित होतो : दोष घरात आहे की जमिनीत? घरात असेल तर प्रथम दुरुस्तीचा विचार करावा. जमिनीत असेल तर जागा बदलण्याचा. काळ्या मातीची जमीन या दोहोंच्या मध्ये येते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे पाडते. परंतु पाया काळ्या थराखालील घट्ट मुरमापर्यंत नेला आणि जोत्याभोवतालचे पाणी दूर काढले, तर अशा जमिनीवरही घर टिकते.

पाहणी व हिशेब

भिंतीच्या तड्यावर सिमेंटचा पातळ पट्टा लावून त्यावर तारीख लिहावी. पावसाळा व उन्हाळा उलटेपर्यंत पट्टा अभंग राहिला तर तडा जुना व स्थिर आहे. तुटला तर हालचाल चालू आहे. ओळंबा लावून भिंतीचा फुगा पाहावा. खांबाचा बुंधा टोचून वाळवी व कूज तपासावी. माळवदावरील मातीची जाडी मोजावी. फुगा मोठा असेल, तडा वाढत असेल किंवा खांब कुजला असेल, तर थांबून न राहता अभियंत्याचा सल्ला घ्यावा आणि तोवर त्या खोलीत कोणी झोपू नये. दुरुस्ती व मजबुतीकरणासाठी भारतीय मानक १३९३५ उपलब्ध असून किल्लारीच्याच वर्षी, १९९३ मध्ये, ते प्रसिद्ध झाले आणि २००९ मध्ये सुधारण्यात आले.

नव्या घराचा हिशेब करताना केवळ विटा-सिमेंटचा खर्च धरू नये. जागेची किंमत, सपाटीकरण, रस्ता, नळ, वीज, शौचालय, गोठा, शेतापासूनचे व शाळेपासूनचे अंतर, हे सर्व त्यात मांडावे. गावठाणाबाहेर शेतजमिनीवर बांधायचे असल्यास बिनशेती वापराची बाब आधीच तपासून घ्यावी. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना – ग्रामीण या योजनेत स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे घर अपेक्षित आहे. साह्य मिळते म्हणून गुरे-धान्याच्या गरजेचा विचार न करता जुने घर पाडून टाकणे शहाणपणाचे नाही. आणि नवे झाले म्हणून जुने, धोकादायक घर तसेच वापरात ठेवणे त्याहूनही अयोग्य आहे.

ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत गावातील जुन्या घरांची यादी ठेवावी. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून तड्यांवरील पट्ट्यांची नोंद करवून घ्यावी. स्थानिक गवंड्यांना आरपार दगड व सलग पट्टा यांचे प्रात्यक्षिक दाखवावे. या कामांना मोठा निधी लागत नाही. नियमितपणा मात्र लागतो. किल्लारीत माणसे भूकंपाने मेली असे म्हटले जाते. वस्तुतः ती आपल्याच घरांच्या भिंतींखाली मेली, आणि त्या भिंती वेळीच बांधून घेता आल्या असत्या. हे ज्या गावाला उमगले, त्या गावात दुरुस्ती की स्थलांतर हा निर्णय संकटानंतर नव्हे, संकटापूर्वी घेतला जाईल.