कल्हई आणि न दिसणारा मळ

पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या आयाबायांना कुणी शिकवावं लागलं नाही. आंबटाने धातू सुटतो आणि पोटात जातो. म्हणून कल्हई. माझे अब्बा लोणावळ्याहून निघून कार्ला, कामशेत, पवनेकाठची गावं करत कल्हई लावत फिरायचे. गौरी-गणपतीच्या आधी त्यांना जेवायलाही सवड नसे.

त्यांच्या कामाचं मर्म कथलापेक्षा नवसागरात होतं. तापल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो आणि हवेने धातूवर चढवलेला ऑक्साइडचा थर निघतो. तो राहिला तर कथील गोळा होऊन घरंगळतं, बसत नाही. अब्बांना ऑक्साइड हा शब्द ठाऊक नव्हता. ‘अभी मैल है’ म्हणत आणि मला पुन्हा भाता मारायला लावत.

हा मळ नजरेला दिसणार नाही इतका पातळ असला तर? मी बी. ए.चा माणूस, हे पुष्कळ उशिरा वाचलं. निर्वात पेटीत नमुना ठेवून त्यावर क्ष-किरण सोडतात. त्यातून इलेक्ट्रॉन उडतात. त्यांची ऊर्जा मोजली की मूलद्रव्य कोणतं, ते मोकळं आहे की ऑक्सिजनशी बांधलेलं, हे कळतं. खोलवरचे इलेक्ट्रॉन वाटेतच ऊर्जा गमावून बसतात, म्हणून बातमी येते ती फक्त वरच्या काही नॅनोमीटरची. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! इलेक्ट्रॉन मोजण्याच्या या विद्येसाठी स्वीडनच्या काई सीगबान यांना १९८१ साली नोबेल मिळालं. आपल्या पुणे विद्यापीठात डॉ. सुलभा कुलकर्णी यांनीही पृष्ठभागांचा असा अभ्यास केला.

अब्बांचा धंदा स्टीलने बसवला. घरात आम्ही स्टीलला शिव्या दिल्या. पण त्याच्याही अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा जेमतेम दोन-तीन नॅनोमीटरचा पापुद्रा असतो, आणि त्याच्याच जिवावर ते गंजत नाही. ओरखडा पडला तर हवेतला ऑक्सिजन घेऊन तो आपोआप भरून येतो. कल्हईला मात्र माणूस बोलवावा लागतो. खरं सांगतो, मला हा कल्हईचा गुणच वाटतो.

या पापुद्र्यालाही वैरी आहे, तो नवसागराचा भाऊबंद : मीठ. क्लोराइड दोघांतही. खारट लोणचं स्टीलच्या डब्यात फार दिवस राहिलं, तर पापुद्रा एखाद्या जागी फुटतो आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडू लागतो. कैरीच्या लोणच्याला अम्मी शेवटपर्यंत चिनी मातीची बरणीच वापरायची.