सेमी इंग्रजीतले साधे शब्द

सेमी इंग्रजी हा महाराष्ट्राने स्वतःपुरता काढलेला मधला रस्ता. इतिहास-भूगोल मराठीत, गणित आणि विज्ञान इंग्रजीत. मुलाची मराठी सुटू नये आणि अकरावीला सायन्स घेतल्यावर त्याची दमछाकही होऊ नये, असा त्यामागचा हिशेब. आणि तो साफ चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. राज्यात २००० सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आली, आणि पुढे पट टिकवायचा तर सेमीचा वर्ग काढलाच पाहिजे, असं खेड्यापाड्यांतल्या शाळांनाही वाटू लागलं. माध्यम कोणतं असावं, हा वाद मला आज घालायचा नाही. तो १८४०च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात अर्स्किन पेरी आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यात रंगला होता, आणि आपल्या हयातीत मिटेल अशी चिन्हं नाहीत. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. माध्यम ठरलं, मूल वर्गात जाऊन बसलं. आता समोरच्या पुस्तकातलं वाक्य त्याला कळावं म्हणून कोण काय करतं?

इंग्रजीतून विज्ञान अवघड जातं म्हटलं की आपल्याला लांबलचक पारिभाषिक शब्द आठवतात: फोटोसिंथेसिस, ऑक्सिडेशन, इलेक्ट्रोमॅग्नेटिझम. दिसायला हे शब्द अक्राळविक्राळ, पण ते मुलांना फार काळ छळत नाहीत. पुस्तकात ते ठळक छापलेले असतात, बाई त्यांची व्याख्या फळ्यावर लिहून देतात, चाचणीत तीच विचारतात. शिवाय इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या मुलालाही ते तेवढेच नवे. मूल अडखळतं ते त्यांच्या शेजारी निमूट बसलेल्या साध्या शब्दांपाशी. दहावीच्या बीजगणितातलं नेहमीचं उदाहरण घ्या. दोन नाणी एकाच वेळी फेकली, तर ‘ॲट लीस्ट वन हेड’ मिळण्याची संभाव्यता काढा. ‘हेड’ म्हणजे छापा, हे मुलाला माहीत असतं. सूत्र तोंडपाठ असतं. पण ‘ॲट लीस्ट’वरून नजर घसरते, मूल ‘एक छापा’ एवढंच धरून चालतं आणि तीन छेद चारच्या जागी एक छेद दोन लिहून मोकळं होतं. वहीवर शेरा पडतो की गणित कच्चं आहे. गणित कच्चं असेलही. पण ‘किमान एक छापा’ असं विचारून, छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा असं त्याला बोटांवर मोजायला लावल्याशिवाय हा शेरा मारायचा अधिकार आपल्याला नाही.

असे शब्द पानोपानी सापडतात. परीक्षेत ‘फाइंड द ऑड वन आउट’ म्हणजे गटात न बसणारा घटक ओळखायचा, आणि पुढच्याच तासाला ‘ऑड नंबर’ म्हणजे विषम संख्या. ‘प्रॉडक्ट’ दुकानात माल असतो, गणितात गुणाकार, रसायनशास्त्रात उत्पादित. ‘सोल्यूशन’ प्रयोगशाळेत द्रावण असतं आणि समीकरणाची उकलही. ‘पॉवर’ तर चष्म्याची असते, विहिरीवरच्या मोटारीची असते आणि संख्येच्या डोक्यावर बसलेल्या छोट्या अंकाचीही असते. मराठीत यांतल्या बहुतेक अर्थांना वेगळा शब्द आहे, म्हणून मराठी माध्यमाच्या मुलापुढे हा पेच क्वचितच येतो. आणि याहून बारीक शब्द म्हणजे वाक्याचे सांधे: ‘अनलेस’, ‘व्हेअरॅज’, ‘रिस्पेक्टिव्हली’. ते कळले नाहीत तर वाक्यातला प्रत्येक नामवाचक शब्द ओळखीचा असूनही कशामुळे काय झालं, हे उलगडत नाही.

हा नुसता माझा कयास नाही. ब्रिटनमध्ये कॅसल्स आणि जॉन्स्टन या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात शाळकरी मुलांची विज्ञानातली भाषा तपासली. मुलांची अडचण जितकी शास्त्रीय संज्ञांची, तितकीच, किंबहुना त्याहून जास्त, विज्ञानाच्या वाक्यात वापरलेल्या रोजच्या इंग्रजी शब्दांची आहे, असं त्यांना आढळलं. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्या मुलांचीही ही गत. पुढे २००० साली न्यूझीलंडमधल्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांचा विद्यापीठीय मजकूर चाळून ५७० शब्दकुळांची यादी केली. ‘अझ्यूम’, ‘एस्टिमेट’, ‘डिराइव्ह’ असे कोणत्याही एका विषयाचे नसलेले, पण सगळ्याच विषयांत लागणारे शब्द तिच्यात आहेत, आणि अभ्यासाच्या मजकुरातला साधारण दहावा हिस्सा त्यांनीच व्यापलेला असतो. कोणत्याही एका विषयाचे नाहीत, यातच गोम आहे. इंग्रजीच्या सरांना वाटतं हे विज्ञानाच्या बाईंचं काम, विज्ञानाच्या बाईंना वाटतं एवढं तर इंग्रजीच्या तासाला झालं असेल. शब्द दोघांच्या मधून निसटतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की हे काम गणित-विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाचं आहे आणि ते त्याने मराठीचा हात धरून करायला हवं.

यावर पहिला आक्षेप पालकांकडून येतो. वर्गात मराठी बोलायची असेल तर सेमी कशाला घेतलं? सतत इंग्रजी कानावर पडली की येईलच की. टोरांटोचे जिम कमिन्स यांनी १९७९पासून मांडलेला भेद इथे उपयोगी पडतो. गप्पांपुरती भाषा वेगळी, अभ्यासाची वेगळी. कॅनडात बाहेरून आलेली मुलं साधारण दोन वर्षांत मैदानावर फर्डं इंग्रजी बोलू लागत. पण अभ्यासाच्या भाषेत वर्गातल्या इतर मुलांच्या बरोबरीला यायला त्यांना पाच ते सात वर्षं लागत. आणि त्या मुलांच्या चहूकडे, रस्त्यात, दुकानात, टीव्हीवर, इंग्रजीच होती. माण तालुक्यातल्या मुलाच्या कानावर ती शाळेच्या तासांपुरती पडते. तेव्हा नुसतं कानावर पडण्याची वाट पाहत बसलो तर दहावी कधीच उलटून जाईल. वाचनाने शब्द वाढतात, हेही खरं. फक्त त्याला एक अट आहे. वाचनाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या कामातून असं दिसतं, की कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट कळायचा तर त्यातले शंभरापैकी सुमारे ९८ शब्द आधी ठाऊक असावे लागतात. आठवीचं विज्ञानाचं पुस्तक आपल्या मुलांच्या बाबतीत ही अट पुरी करत नाही. तेव्हा जाणकाराची मदत लागणारच, आणि ती कळणाऱ्या भाषेत द्यावी लागणार.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: मराठी परिभाषा तरी कुठे सोपी आहे? प्रकाशसंश्लेषण म्हणताना जीभ अडखळत नाही का? अडखळते. आपल्या कोशकारांनी काही ठिकाणी हात जरा सैल सोडायला हवा होता, हे मान्य करायला हरकत नाही. पण प्रकाशसंश्लेषणातला प्रकाश मुलाला दिसतो. फोटोसिंथेसिसमधला ‘फोटो’ त्याला भिंतीवरच्या तसबिरीकडे घेऊन जातो. आणि मी मराठीची मदत मागतो आहे ती संज्ञांसाठी कमी, त्यांच्या भोवतालच्या शब्दांसाठी जास्त. ‘किमान’, ‘अनुक्रमे’, ‘जर-तर’, ‘त्यामुळे’ हे मुलाकडे आधीच आहेत. त्यांच्या जागी इंग्रजीत काय येतं, एवढंच दाखवायचं आहे. विचार करायला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं नाही.

वेळ कुठून आणायचा, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. पाठ्यक्रम पुरा करायचा, ऑनलाइन माहिती भरायची, त्यात हे नवं झेंगट. म्हणून शब्दांच्या याद्या पाठ करून घेऊ नयेत. घोकंपट्टीने शब्द परीक्षेच्या हॉलपर्यंत पोचतो आणि तिथेच राहतो. घनतेचा धडा सुरू करण्याआधी त्यातले चार-पाच शब्द निवडावेत. ‘डेन्सिटी’ हा त्यातला एकच. बाकीचे ‘सिंक’, ‘कम्पेअर’, ‘देअरफोर’ असे. मोठ्याने म्हणून घ्यावेत, मराठी अर्थ सांगावा, पुस्तकातलं वाक्य दाखवावं, शब्दपट्ट्या भिंतीवर पंधरा दिवस राहू द्याव्यात. प्रयोग झाल्यावर खिळा का बुडाला, लाकूड का तरंगलं, ते मुलांनी आधी आपसात मराठीत बोलावं. मग फळ्यावर लिहिलेलं अर्धं इंग्रजी वाक्य पुरं करावं. बुडण्या-तरंगण्याचं कारण मराठीत पक्कं झालेलं असलं की इंग्रजीत फक्त शब्द शोधावे लागतात. एकाच वेळी कारणही आणि शब्दही शोधायला लावलं तर मूल गप्प बसतं, आणि ते गप्प बसणं आपण मठ्ठपणा समजतो. शिक्षक स्वतः मराठी माध्यमातून शिकलेले असतात, ही तर इथे जमेची बाजू. बालभारतीच्या पुस्तकाच्या मराठी आणि इंग्रजी आवृत्त्यांमध्ये धडे तेच असतात, आणि ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून त्या फुकट उतरवून घेता येतात. दोन्ही शेजारी-शेजारी उघडल्या की कोणत्या वाक्यापाशी थांबावं लागणार, ते शिक्षकाला आदल्या रात्रीच कळतं.

भाषा न कळणाऱ्या मुलाला मदत देणं हे शाळेचं काम आहे का, हा प्रश्न अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत इंग्रजी न येणाऱ्या सुमारे १८०० चिनी मुलांना भाषेची कोणतीही जादा मदत मिळत नव्हती. १९७४च्या लाउ विरुद्ध निकोल्स या खटल्यात न्यायालयाने म्हटलं, की तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक सगळ्यांना दिले म्हणून समान वागणूक होत नाही. ज्याला भाषाच कळत नाही, त्याला खरं शिक्षण मिळतच नाही. आपल्याकडे फरक असा, की इंग्रजी ही भोवतालची भाषा नाही. पालकांनी हौसेने आणि शाळेने पटासाठी ती निवडली आहे. त्यामुळे कोर्टात जायला कुणी उरत नाही, आणि मूल नापास झालं तर दोष मुलाचाच ठरतो.

दोष कुणाचा ते पाहण्याची एक साधी सोय मात्र शाळेच्या हातात आहे. घटक चाचणीत इंग्रजीतून चुकलेलं शाब्दिक उदाहरण त्याच मुलाला दुसऱ्या दिवशी, आकडे बदलून, मराठीत द्यावं. तरीही चुकलं, तर गणित पुन्हा शिकवावं. बरोबर आलं, तर गणिताच्या जादा तासाला त्याला बसवण्यात अर्थ नाही. त्या उदाहरणातला कोणता शब्द अडला, तो त्याच्याकडूनच काढून घ्यावा आणि वर्गाच्या यादीत टाकावा. अशी यादी सहामाहीपर्यंत विज्ञानाच्या बाई आणि इंग्रजीचे सर यांच्यासमोर एकत्र ठेवली, की कुणी काय शिकवायचं याची वाटणी त्या दोघांना बसून करता येईल.